एक लॅपटॉप नीट तयार करा, बाकीचे १९ त्याच्यावरून: इमेजिंगचं काम आणि त्यातली एक पायरी जी आता टाळता येत नाही



कॉम्प्युटर क्लास, टायपिंग इन्स्टिट्यूट, एखादी छोटी शाळा, सीएचं ऑफिस. आपल्यासारख्या दुकानदाराकडे यांचं एक काम वर्षातून दोन-तीनदा तरी येतंच. "एकसारखे २० लॅपटॉप आहेत. सगळे फॉरमॅट मारून, सॉफ्टवेअर टाकून सोमवारपर्यंत द्या." आणि हे सांगतात गुरुवारी संध्याकाळी.

आता हाताने एकेक करायला बसलात तर हिशोब बघा. विंडोज, ड्रायव्हर, अपडेट, ऑफिस, टायपिंगचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, प्रिंटर. एका लॅपटॉपला अडीच तास धरले तरी २० लॅपटॉपचे ५० तास झाले. दुकानातली रोजची गिऱ्हाइकं सांभाळून हे सोमवारपर्यंत होत नाही. बरं, झालं तरी चौदाव्या लॅपटॉपवर फॉन्ट राहिलेला असतो, सतराव्यावर प्रिंटर. माणूस थकतो, त्याला इलाज नाही.

म्हणून इमेजिंग. एक लॅपटॉप मन लावून तयार करायचा, त्याच्या डिस्कची इमेज काढायची आणि तीच बाकीच्यांवर उतरवायची. व्हिडिओत मी क्लोनझिलाचे स्क्रीन एकेक करून दाखवलेत, ते बघून कोणालाही जमेल. इथे लिहितोय ते व्हिडिओत मावलं नाही म्हणून, आणि खरं सांगायचं तर काम इथेच फसतं. इमेज उतरवणं सोपं आहे. इमेजमध्ये काय असावं, काय नसावं आणि २० लॅपटॉपमध्ये कोणती गोष्ट वेगवेगळीच असली पाहिजे, हे कळणं म्हणजे खरं काम.

कोणतं सॉफ्टवेअर?

जुने लोक अजूनही "घोस्ट मारून दे" म्हणतात. ते नाव आलं नॉर्टन घोस्टवरून. मूळ घोस्ट १९९५ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये मरे हॅझार्ड यांनी बनवलं, १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं आणि २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री बंद झाली. शब्द मात्र आपल्याकडे राहिला. त्यानंतर बऱ्याच जणांनी मॅक्रियम रिफ्लेक्टचं फ्री व्हर्जन धरलं, तेही कंपनीने बंद केलं. म्हणून मी शिकवतो क्लोनझिला. तैवानच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात बनलेलं, ओपन सोर्स, धंद्यात वापरायलाही फुकट. दिसायला जुनाट आहे, निळा-करडा स्क्रीन, माउस नाही. ज्यांना माउस हवाच आहे त्यांनी रेस्क्यूझिला वापरा, ते क्लोनझिलाची इमेज ओळखतं.

क्लोनझिलाचा फायदा असा की ते डिस्कवरचा फक्त वापरलेला भाग वाचतं. २५६ जीबीच्या एसएसडीवर ४० जीबी भरलेले असतील तर तेवढेच घेऊन वर कॉम्प्रेस करतं, इमेज साधारण २० जीबीच्या आसपास बसते. या फायद्याची दुसरी बाजूही आहे. ती पुढे येईलच.

"एकसारखे" म्हणजे किती एकसारखे?

गिऱ्हाईक "सगळे सेम आहेत" म्हणतं, तेव्हा मान डोलवा आणि तरीही प्रत्येक लॅपटॉप उघडून बघा. बाहेरून एकच मॉडेल, आतून वेगळा माल, हे रिफर्बिश्ड लॅपटॉपमध्ये नेहमीचं आहे. लेनोवोचा थिंकपॅड टी-४८० घ्या. बहुतेक टी-४८० आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे, पण सातव्या पिढीचेही आहेत. विंडोज ११ ला इंटेलमध्ये आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. इमेज उतरवल्यावर सातव्या पिढीवर विंडोज ११ सुरू होईलही, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत ते मशीन बसत नाही आणि उद्या मोठा अपडेट अडकला की फोन तुम्हालाच येणार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे मागे जाण्यातही अर्थ नाही. असे लॅपटॉप कामाच्या आधीच बाजूला काढा आणि गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगा.

दुसरं, डिस्कची साइज. कोणाकडे २५६ जीबीची एसएसडी, कोणाकडे बदलून टाकलेली २४० ची. क्लोनझिलाचा साधा नियम आहे: जिच्यावर उतरवायचं ती डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. २५६ वर बनवलेली इमेज २४० वर उतरायला नकार देते. एक्स्पर्ट मोडमध्ये यातून वाट आहे, पण त्या भानगडीत कशाला पडायचं? सगळ्यात लहान डिस्क ज्या लॅपटॉपमध्ये आहे तोच मास्टर करा. विषय संपला.

तिसरं बायोसमधलं. स्टोरेजचा मोड एका लॅपटॉपवर एएचसीआय आणि दुसऱ्यावर रेड असेल, तर इमेज व्यवस्थित उतरते आणि विंडोज चालू होताना निळा स्क्रीन येतो, "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". डेलच्या लॅपटॉपमध्ये हे फार बघायला मिळतं. कधीकधी रेड मोडमुळे क्लोनझिलाला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही आणि आपण डिस्क खराब समजून बसतो. सगळे लॅपटॉप आधी एएचसीआयवर आणा, मगच मास्टर बनवायला घ्या.

चौथं, विंडोजची एडिशन. बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची की बायोसमध्येच असते. होमची की असलेल्या लॅपटॉपवर प्रोची इमेज टाकली तर ती ॲक्टिव्हेट होणार नाही. आणि हो, मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे एकच इमेज अनेक मशीनवर उतरवण्याचा हक्क व्हॉल्यूम लायसन्ससोबत येतो, लॅपटॉपबरोबर आलेल्या ओईएम लायसन्ससोबत नाही. संस्थेकडे काय आहे ते आधी विचारा आणि कोटेशनमध्ये लिहा. ॲक्टिव्हेटर मारून देणारे दुकानदार बाजारात आहेत. तुम्ही त्यातले होऊ नका. टायपिंगवाल्याकडे बाहेरून पेनड्राइव्ह येतच असतात, त्यात तुमचं क्रॅकही आतून आलेलं, मग व्हायरस कुठून आला हे कोण शोधणार?

डेटा: आधी लेखी, मग फॉरमॅट

इमेज उतरवली की समोरच्या डिस्कवरचं सगळं जातं. क्लोनझिला दोनदा विचारतं, दोनदा वाय दाबावं लागतं. पण विसाव्या लॅपटॉपपर्यंत हात आपोआप वाय दाबायला लागतो. म्हणून डेटाचा विषय लॅपटॉप टेबलावर ठेवण्याआधीच संपवा. प्रत्येक लॅपटॉपवर नंबरची पट्टी चिकटवा आणि एक साधा कागद करा: नंबर, डेटा हवा की नको, गिऱ्हाइकाची सही. "त्यात काही नाही हो" हे तोंडी वाक्य चालवून घेऊ नका. क्लासमध्ये सगळ्यांना वाटत असतं की आपल्या लॅपटॉपवर काहीच नाही, आणि फीचा सगळा हिशोब नेमका ऑफिसातल्या मॅडमच्या मशीनवर डेस्कटॉपवरच असतो.

आता ती दुसरी बाजू. क्लोनझिला वापरलेला भागच लिहितं, म्हणजे बाकीच्या जागेवर आधी जे होतं ते तसंच पडून असतं. कंपनीचे जुने लॅपटॉप घेऊन, इमेज उतरवून तुम्ही क्लासला विकले, तरी रिकव्हरी सॉफ्टवेअरने आधीच्या मालकाच्या फाइल्स निघू शकतात. इमेज उतरवणं म्हणजे डिस्क पुसणं नव्हे. रिफर्बिश्ड मालावर आधी पूर्ण इरेज करा. डेलच्या बायोसमध्ये डेटा वाइप आहे, एचपीच्या बिझनेस लॅपटॉपमध्ये सिक्युअर इरेज आहे. एसएसडीला थोडाच वेळ लागतो. लॅपटॉप हातात आल्याबरोबर हे करून टाका.

मास्टर लॅपटॉप

विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, नवीनात नवीन. इन्स्टॉल झाल्यावर देश विचारणारा पहिला स्क्रीन येतो, तिथे नाव-गाव भरत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-३ एकदम दाबा. लॅपटॉप रीस्टार्ट होऊन ऑडिट मोडमध्ये उघडेल. मशीन कोणाच्याही नावावर न करता त्यात सॉफ्टवेअर भरता यावं, यासाठीच हा मोड आहे.

इथे आल्यावर इंटरनेट बंद ठेवा. कारण नेट मिळालं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर स्वतःहून ॲप अपडेट करायला लागतं, ते अपडेट त्या एका यूजरपुरते बसतात आणि पुढे सिसप्रेप अडतं. मराठी डिस्प्ले लँग्वेज पॅकही याच कारणासाठी टाकू नका. कीबोर्ड आणि फॉन्ट पुरेसे आहेत. सॉफ्टवेअर सगळं पेनड्राइव्हवरून टाका. एक गोष्ट मराठी टायपिंगवाल्यांसाठी: विंडोज १० पासून मंगल फॉन्ट सुरुवातीला आत नसतो, निर्मला यूआय असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" या ऑप्शनल फीचरमध्ये येतात. त्यासाठी नेट लागतं. आधी स्टोअरचं ऑटो अपडेट बंद करा, नेट लावा, फॉन्ट घ्या, नेट काढा. परीक्षेच्या तोंडावर मुलांची मंगलमधली जुनी फाइल वेगळ्याच फॉन्टमध्ये उघडली, ओळी पुढे-मागे झाल्या, की क्लासच्या सरांना घाम फुटतो. परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेची तयारी करून घेणारे क्लास तुमचे गिऱ्हाईक असतील, तर कोणता फॉन्ट, रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट, कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं व्हर्जन हे सरांकडून कागदावर लिहून घ्या. मनाने काही टाकू नका.

काय टाकायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. मास्टरवर क्रोममध्ये लॉगिन करू नका, तुमच्या दुकानाच्या वायफायचा पासवर्ड ठेवू नका, एमएस ऑफिस किंवा टॅली ॲक्टिव्हेट करू नका. इन्स्टॉल करा, लायसन्स नंतर ज्या मशीनचं त्या मशीनवर. एनीडेस्क तर इमेजमध्ये अजिबात नको. इमेज २० लॅपटॉपवर गेली की सगळ्यांचा एनीडेस्क नंबर एकच होतो. मग तुम्ही दुकानातून ५ नंबरला जोडायला जाता आणि उघडतो १२ नंबर.

सॉफ्टवेअरचे शॉर्टकट पब्लिक डेस्कटॉपमध्ये ठेवा. ऑडिट मोडमधल्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या डेस्कटॉपवर ठेवलेलं पुढच्या यूजरला दिसत नाही. वॉलपेपर, कीबोर्डची निवड या गोष्टीही यूजरपुरत्याच असतात. पाच लॅपटॉप असतील तर त्या नंतर हाताने करा. २० असतील तर अनअटेंड फाइल बनवा.

सिसप्रेप, म्हणजेच ती टाळता न येणारी पायरी

सॉफ्टवेअर भरून झालं की बरेच जण सरळ इमेज काढतात आणि उतरवायला घेतात. चालतं की, असं म्हणतात. आणि खरंच, बरीच वर्षं चाललंसुद्धा.

प्रत्येक विंडोजचा एक आतला ओळख क्रमांक असतो, मशीन एसआयडी. सरळ कॉपी केली की २० लॅपटॉपचा एसआयडी एकच होतो. पूर्वी यासाठी न्यूएसआयडी नावाचं एक छोटं टूल होतं. २००९ मध्ये ते लिहिणाऱ्या मार्क रुसिनोविच यांनीच जाहीर लिहिलं की एकसारख्या मशीन एसआयडीची भीती फुकटची आहे, आणि ते टूल बंद केलं. सिसप्रेप करायचं असं मायक्रोसॉफ्ट तेव्हाही सांगतच होतं, पण दुकानात सोयीचं तेवढंच ऐकलं गेलं.

आता चित्र बदललंय. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ व्हर्जनमध्ये हा क्रमांक तपासला जातो. दोन मशीनचा एसआयडी एकच असेल तर एकमेकांत लॉगिन नाकारलं जातं. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप लागत नाही, पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जातो.

एका टायपिंग क्लासमध्ये मी हे डोळ्यांनी बघितलंय. १२ लॅपटॉप, कोणीतरी सरळ कॉपी मारून दिलेले. प्रिंटर सरांच्या लॅपटॉपला लावलेला आणि बाकीच्यांना शेअर केलेला. वर्षभर काही तक्रार नाही, मग एका अपडेटनंतर एकाही मुलाची प्रिंट निघेना. सरांनी राउटर बदलला, केबल बदलल्या, प्रिंटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं, पैसे प्रत्येकाने घेतले. मी गेलो तेव्हा सराव परीक्षा सुरू होत्या आणि मुलं पेनड्राइव्ह घेऊन सरांच्या टेबलापाशी रांगेत उभी होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडला, एलएसए-सर्व्हची ६१६७ नंबरची नोंद: मशीन आयडी जुळत नाही. दोन लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये "हू ॲम आय स्लॅश यूजर" चालवलं आणि येणारा लांबलचक नंबर शेजारी शेजारी ठेवला. शेवटचा आकडा सोडला तर बाकी सगळा नंबर तंतोतंत एक. राउटरचा काही संबंधच नव्हता.

याला वरवरचा इलाज नाही. मायक्रोसॉफ्टचंही म्हणणं हेच की मशीन योग्य पद्धतीने पुन्हा बनवा. परीक्षेचे दिवस म्हणून आम्ही तात्पुरता प्रिंटर नेटवर्ककडे वळवला, त्याला लॅनचा पोर्ट होता म्हणून निभावलं. परीक्षा संपल्यावर १२ च्या १२ नव्याने इमेज केले. त्याचे पैसे सरांना दुसऱ्यांदा पडले, आणि पहिल्यांदा काम करणारा तोवर फोन उचलायचा बंद झाला होता.

सिसप्रेपला लागतात पाच-सात मिनिटं. विंडोज फोल्डरच्या सिस्टीम-३२ मध्ये सिसप्रेप नावाचं फोल्डर आहे. ते चालवा, "ओओबीई" निवडा, "जनरलाइज"ला टिक करा, खाली "शटडाऊन" निवडा. तो जनरलाइजचा टिक म्हणजेच सगळं. त्याने मशीनची ओळख पुसली जाते आणि प्रत्येक लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवीन एसआयडी बनवतो.

सिसप्रेप एररने थांबलं तर घाबरू नका. त्याच फोल्डरमध्ये पँथर नावाचं फोल्डर आहे, त्यातला लॉग शेवटून वाचा. बहुतेक वेळा कोणत्या तरी स्टोअर ॲपचं नाव असतं, की हे एका यूजरसाठी बसलंय, सगळ्यांसाठी नाही. ते ॲप काढा, पुन्हा चालवा.

याआधी मात्र दोन गोष्टी. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, असेल तर बंद करून पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. नाहीतर क्लोनझिलाला आतलं काही कळत नाही, ते सगळी डिस्क जशीच्या तशी उचलतं. इमेज अवाढव्य होते आणि दुसऱ्या लॅपटॉपवर रिकव्हरी की मागत बसते. दुसरं, हायबरनेट बंद करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंद होतं. त्याशिवाय विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि क्लोनझिला कुरकुर करतं.

माझी स्वतःची पद्धत म्हणजे दोन इमेज घ्यायच्या. एक सिसप्रेपच्या आधीची, एक नंतरची. उतरवायला नंतरची. आधीची दुकानात ठेवायची, सहा महिन्यांनी टायपिंग सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की तिथूनच पुढे काम सुरू.

इमेज काढणं आणि उतरवणं

हे व्हिडिओत सविस्तर आहे, म्हणून पटकन सांगतो. सिसप्रेपनंतर लॅपटॉप बंद झाला की तो विंडोजमध्ये चालू करायचा नाही. चालू केलात तर पहिल्या स्क्रीनची प्रक्रिया मास्टरवरच सुरू होते आणि केलेलं वाया जातं. थेट पेनड्राइव्हवरून क्लोनझिला, डेल आणि लेनोवोला एफ-१२, एचपीला एफ-९. मग डिव्हाइस-इमेज, लोकल-डेव्ह, बिगिनर मोड, सेव्हडिस्क. शेवटी "इमेज रिस्टोअर होईल का तपासायची?" असं विचारतं, तिथे हो म्हणा. उतरवताना रिस्टोअरडिस्क. डिस्क निवडताना नावाकडे नाही, साइज आणि कंपनीकडे बघा. बाहेरून लावलेली तुमची इमेजची एसएसडीही तिथेच कुठेतरी असते.

इमेज पेनड्राइव्हवर ठेवू नका, स्वस्त पेनड्राइव्ह मधेच गरम होऊन रांगायला लागतात. जुन्या लॅपटॉपमधून निघालेल्या लहान एसएसडी दुकानात पडलेल्या असतातच, त्यांना यूएसबी ३ चे केस लावा. मी अशा चार ठेवल्यात, चारहीवर तीच इमेज. चार लॅपटॉप एका वेळी, पाच फेऱ्या. एका फेरीला १५ ते २० मिनिटं धरा, म्हणजे २० लॅपटॉप दीड-पावणेदोन तासांत. क्लोनझिला नेटवर्कवरून एकदम सगळ्यांवरही उतरवतं. ४० लॅपटॉपची लॅब असेल तर ते शिका, पण स्विच गिगाबिटचा हवा. जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचवर २० जीबीची इमेज अर्धा तास घेते, आणि वायफायवर हे करायच्या फंदात पडूच नका.

पहिली इमेज फक्त एका लॅपटॉपवर उतरवा. मग त्याच्यासमोर बसा. आवाज, वायफाय, कॅमेरा, झाकण बंद-उघड, ॲक्टिव्हेशन, मंगल फॉन्ट, प्रिंट. शक्य असेल तर क्लासच्या सरांनाच बोलावून टायपिंगचा एक पूर्ण पेपर त्यावर सोडवून घ्या. सर हो म्हणाले की मगच बाकीचे. या एका लॅपटॉपवर अर्धा तास घालवायला कंजुषी करू नका, इथे सुटलेली चूक २० वेळा छापली जाते.

उतरवून झाल्यावर प्रत्येकाला नाव द्या, लॅब-०१, लॅब-०२, पट्टीवरच्या नंबरप्रमाणे. दोन लॅपटॉपवर एसआयडी बघून घ्या, वेगळा दिसला पाहिजे. आणि यूजर लोकलच ठेवा. सरांनी आपल्या एकाच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने २० लॅपटॉप उघडले, तर विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये एन्क्रिप्शन आपोआप सुरू होऊ शकतं आणि २० रिकव्हरी की त्यांच्या त्या अकाउंटमध्ये जातात, ज्याचा पासवर्ड त्यांना आठवत नसतो.

पैसे कसे सांगायचे

"तुम्ही तर नुसती कॉपी मारता, २० चे पैसे कसले?" हे ऐकायला मिळणारच. त्यावर वाद घालू नका, कोटेशनच तसं बनवा. मास्टर तयार करण्याचे वेगळे, उतरवण्याचे प्रति लॅपटॉप वेगळे. उदाहरण म्हणून, मास्टरचे ३,००० आणि लॅपटॉपमागे २५०. २० लॅपटॉपचे ८,००० झाले. हाताने फॉरमॅटचे ५०० लावले असते तर १०,००० झाले असते. गिऱ्हाइकाला स्वस्त पडलं आणि तुमचे ५० तासांचे दीड दिवस झाले. तुमच्या गावच्या दराप्रमाणे आकडे बदला, रचना तीच ठेवा. पुढच्या वेळी बॅच संपल्यावर लॅपटॉप परत स्वच्छ करायचे असतील तर मास्टर तयारच असतो, फक्त प्रति लॅपटॉपचे पैसे. हीच ओळ घेऊन वर्षाचा एएमसी बोलता येतो.

एक प्रश्न नेहमी येतो: इमेजची एसएसडी गिऱ्हाइकाला द्यायची की नाही? काही दुकानदार देत नाहीत, काम आपल्याकडेच यावं म्हणून. माझं मत वेगळं आहे. एक कॉपी द्या, एसएसडीचे पैसे लावून, वर तारीख आणि लॅपटॉपचं मॉडेल लिहून. परीक्षेच्या आदल्या रात्री एक लॅपटॉप बसला आणि तुम्ही लग्नाला गावी असाल, तर सरांनी काय करायचं? एसएसडी हातात असेल तर तुम्ही फोनवरून सांगून ते मशीन अर्ध्या तासात उभं करता. त्याच एसएसडीवर डेटाच्या सह्यांच्या कागदाचा फोटो आणि लॅपटॉप नंबरांची यादीही टाकून ठेवा.

अनअटेंड फाइल कशी बनवायची, म्हणजे २० लॅपटॉपवर यूजर, कीबोर्ड आणि टाइम झोन आपोआप सेट होतील, ते पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत दुकानात पडलेल्या दोन जुन्या लॅपटॉपवर हे एकदा करून बघा, गिऱ्हाइकाच्या मालावर पहिल्यांदा नको.